नऊच्या जागी भिंत

“नऊला काय आहे?” कीर्तीनं विचारलं.

“काही नाही. भिंत आहे.”

“नुसती भिंत?”

“नुसती. पिवळट, ओल आलेली. आता पुढे जाऊ दे ना.”

तिनं पुढे जाऊ दिलं नाही. रिमोट तिच्या हातात होता. थांबवलेलं चित्र तिनं तसंच ठेवलं आणि माझ्या दिशेला तोंड करून बसून राहिली.

मे महिना संपत आला होता. नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्याच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, नागपूरची माणसं दुपारी कूलरपुढून हलत नाहीत. आम्ही तिघं मात्र कूलर बंद करून, घामानं निथळत टीव्हीपुढे बसायचो. कूलरच्या घरघरीत पात्रांची कुजबुज बुडून जाते आणि कीर्ती-प्रफुल्लला कुजबुज चुकवून चालत नाही. दोघंही आंधळी. हा शब्द ऐकून नाक मुरडू नका. मी एकदा मोठ्या शहाणपणानं ‘दृष्टिहीन’ म्हणाले, तर प्रफुल्लनं विचारलं होतं, “कोणाबद्दल बोलून राहिली? आपल्या ओळखीचे आहेत का ते?”

प्रफुल्ल महापालिकेच्या शाळेत इतिहास शिकवायचा. त्याची नजर लहानपणी काचबिंदूनं जायला लागली आणि कॉलेजात जाईपर्यंत पार गेली. कीर्ती जन्मापासूनची. ती बँकेत होती आणि अख्ख्या शाखेत तिची जीभ सगळ्यात तिखट होती. मानेवाड्याला भोंगाडेकाकूंच्या घरी वरच्या मजल्यावर समोरासमोर दोन बिऱ्हाडं होती. एकात हे नवरा-बायको, दुसऱ्यात मी एकटी. मी फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात डिझाइन करायचे. आठवडाभर वाढदिवसवाल्या पुढाऱ्यांचे चेहरे गोरे करायचे आणि रविवारी या दोघांना टीव्ही सांगायचा.

‘टीव्ही सांगणं’ हा आमच्या तिघांतलाच शब्द होता. आंधळ्या माणसाला ताट वाढताना घड्याळ सांगतात. बाराला भात, तीनला भाजी, सहाला पोळी, म्हणजे हात बरोबर जागी पडतो. प्रफुल्लनं तेच घड्याळ टीव्हीला लावलं होतं. वर बारा, उजव्या कडेला तीन, खाली सहा, डाव्या कडेला नऊ. मी आपली “तीनला झाड, सहाला मांजर” असं सांगत जायचे आणि ती दोघं मनातल्या मनात चित्र मांडत जायची. नियम एकच होता. दिसतं ते सांगायचं, त्याचा अर्थ सांगायचा नाही. सुरुवातीला एकदा मी म्हणाले, “बिचारी उदास दिसते गं.” कीर्तीनं तिथंच मला अडवलं. “ओठ कसे आहेत ते सांग. उदास आहे का नाही, ते मी ठरवीन.”

त्या उन्हाळ्यात आम्ही एक जपानी मालिका लावली होती, हिंदीत डब केलेली. मी तिला कार्टून म्हणायचे आणि प्रफुल्ल दर वेळी सुधारायचा, “ॲनिमे म्हण बे, ॲनिमे.” समुद्रकाठचं एक गाव, मियो नावाची शाळकरी पोर आणि होडी चालवणारा तिचा बाप. यातली मेख अशी, की पात्रं बोलायची भलतंच. भातात मीठ जास्त पडलं, मोजे वाळले नाहीत, उद्या गणिताचा पेपर आहे. आणि चित्रात त्याच वेळी घरात घोट्याएवढं पाणी भरलेलं असायचं, पिंजऱ्यात पोपटाऐवजी चप्पल असायची, आरशात बाप पाठमोरा दिसायचा. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही. नुसती ऐकली तर ती स्वयंपाकाची मालिका वाटली असती. जे काही घडत होतं ते सगळं चित्रात घडत होतं.

म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर. प्रफुल्ल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, “आमचे डोळे समोरच्या खोलीत राहतात. भाडं पण स्वतःचं स्वतः भरतात.” हे ऐकून मी फुगून जायचे. दुकानात मालक माझ्या कामावर रोज पाणी फिरवायचा आणि या खोलीत मी सांगेन तेच जग होतं. ती दोघं माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवतात, यापेक्षा मोठी कमाई माझ्या आयुष्यात तेव्हा दुसरी नव्हती. तो विश्वास जाऊ नये, एवढंच मला वाटायचं.

आणि त्या दुपारी कीर्ती नेमकी तिथंच येऊन उभी राहिली होती.

“उत्तरा, पुन्हा बघ,” ती म्हणाली. हा तिचा काउंटरवरचा आवाज होता. सही जुळत नाही असं सांगताना काढतात तसा.

“बघितलं. बाराला खिडकी. मधे मियोचे बाबा जेवून राहिले, पाय पाण्यात. तीनला मियो, दप्तर पाठीला. नऊला भिंत.”

“बाई नाही?”

“कोणती बाई?”

“झगा घातलेली. हातात मिटलेली छत्री.”

मला आठवलं. “ती पहिल्या भागात होती ना, स्टेशनावर. मी सांगितलं होतं तेव्हा.”

“आणि त्यानंतर?”

“त्यानंतर कुठे आली ती?”

कीर्तीनं रिमोट मांडीवर ठेवला. “काल बसमध्ये मी एक पॉडकास्ट ऐकला. दोन पोरं याच मालिकेवर बोलून राहिली होती. ती छत्रीवाली प्रत्येक भागात येते म्हणे. कोणी तिच्याशी बोलत नाही, कोणी तिच्याकडे बघत नाही. नेहमी डाव्या कडेला उभी असते. आणि ज्याच्याजवळ उभी राहते, तो माणूस जातो. या भागात ती मियोच्या बाबांच्या मागे आहे. कितव्या मिनिटाला, ते पण सांगितलं त्यांनी. मी बरोबर तिथंच थांबवलं.”

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. “म्हणजे तू माझी परीक्षा घेऊन राहिली होती?”

“हो. आणि तू नापास झाली.”

“अगं, पण नाहीच आहे तिथं कोणी.”

“तू लपवून राहिली,” कीर्ती म्हणाली. “मला बाबा आवडतात हे तुला माहीत आहे. तो खोकला तरी मी थांबवून विचारते, वाळला का म्हणून. तुला वाटलं, कशाला हिला सांगायचं. बिचारी. आपण गाळून टाकू. तिला कुठे कळणार आहे?”

तिचा आवाज कापत होता. मी तिला रिक्षावाल्यांशी भांडताना ऐकलं होतं, शाखेच्या मॅनेजरला फोनवरून झाडताना ऐकलं होतं, पण आवाज कापताना कधी ऐकलं नव्हतं. एका कार्टूनातल्या बापासाठी एवढं? मला काही कळेना. मला फक्त एवढं कळत होतं, की मी खरं सांगते आहे आणि ते कोणाला पटत नाही.

“प्रफुल्ल, तू तरी समजाव हिला,” मी म्हणाले. “एवढ्या दिवसांत मी कधी खोटं सांगितलं का?”

प्रफुल्ल खुर्चीत पुढे वाकून बसला होता आणि त्याच्या हाताची बोटं गुडघ्यावर हलत होती. “थांब जरा,” तो म्हणाला. “मी आठवून राहिलो.”

“काय आठवतो?”

“काही नाही. चालू द्या तुमचं.”

“चालायचं काही राहिलं नाही,” कीर्ती म्हणाली. “उत्तरा, आजपासून तू टीव्ही सांगू नको. मला अर्धवट बघणारे डोळे नको आहेत.”

मला कोणीतरी थोबाडीत दिल्यासारखं झालं. मी काही बोलणार, तेवढ्यात दार ढकलून भोंगाडेकाकू आत आल्या. ट्रेमध्ये कैरीच्या पन्ह्याचे ग्लास होते. काकूंना भांडणाचा वास लागला की त्या हात हलवत कधी येत नसत, काहीतरी खायला-प्यायला घेऊनच येत.

“काय झालं वं पोरींनो? खालपर्यंत आवाज येऊन राहिला.”

“काकू, बरं झालं आलात,” कीर्ती म्हणाली. “टीव्हीवर काय दिसतं ते सांगा.”

“मले काय समजते त्या कार्टूनातलं?”

“समजू नका. नुसतं दिसतं ते सांगा.”

काकूंनी ट्रे ठेवला, चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला आणि टीव्हीसमोर येऊन उभ्या राहिल्या. “एक माणूस जेवून राहिला. घरात पाणी शिरलं वाटते, पाय बुडले त्याचे. शाळेची पोरगी हाय. खिडकी हाय. अन् मागं बाई उभी हाय ना, छत्री घेऊन.”

मला वाटलं, या दोघींनी मिळून काहीतरी ठरवलं आहे. काकू थट्टा करतात, फारच क्रूर थट्टा करतात, असं वाटलं.

“कुठे आहे बाई?” मी विचारलं.

“हे काय!” काकू टीव्हीच्या उजवीकडे उभ्या होत्या. त्यांनी तिथूनच हात लांब केला आणि तो हात पडद्यावरून डावीकडे सरकत गेला. माझी नजर त्या हातामागून गेली, मान वळली, आणि भिंतीतून एक बाई बाहेर आली.

राखाडी झगा, मिटलेली छत्री, केस ओले. चांगली पडद्याएवढी उंच. काकूंचं बोट तिच्या कपाळावर होतं.

मी परत मधे बघितलं, जेवणाऱ्या बापाकडे. बाई गेली. तिच्या जागी पिवळट भिंत होती, ओल आलेली, सलग. डावीकडे बघितलं. बाई होती. मधे बघितलं. भिंत. असं मी किती वेळा केलं कोण जाणे. दर वेळी ती भिंत इतकी खरी दिसत होती की मी कोणाच्याही डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली असती. चित्र थांबलेलं होतं, त्यात काहीच हलत नव्हतं.

“म्हणजे होती,” कीर्ती म्हणाली.

“कीर्ती, गप बस,” प्रफुल्ल म्हणाला.

तो तिच्याशी असं कधी बोलायचा नाही. ती दचकली. तो उठला, चाचपत आपली खुर्ची ओढत आणली आणि बरोबर माझ्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या अंतरावर येऊन बसला.

“लपवणारा माणूस एक बाई लपवतो,” तो म्हणाला. “अर्धं घड्याळ नाही लपवत. मी आठवून पाहिलं. किती तरी भाग झाले, हिनं नऊला काहीच सांगितलं नाही. आठला नाही, दहाला नाही. सगळं बारापासून सहापर्यंत. दर वेळी नऊला भिंत, नाहीतर आभाळ, नाहीतर अंधार. मला वाटलं, मालिकावाल्यांची स्टाइल असेल.” मग त्यानं हळू आवाजात विचारलं, “उत्तरा, तुझ्या गाडीचा कोणत्या बाजूचा आरसा तुटला होता गेल्या महिन्यात?”

“डाव्या.”

“आज आत येताना दाराला खांदा आपटला, तो कोणता?”

माझा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला होता.

“माझ्या नाकाकडे बघ,” प्रफुल्ल म्हणाला. “नजर हलवायची नाही. काकू, हिच्या मागे नका उभ्या राहू, समोर या. हिचे डोळे इकडेतिकडे हलले तर लगेच सांगा.”

“हे काय करून राहिला तू?”

“लहानपणी डॉक्टर माझं दर महिन्याला करायचे हे. मला पाठ आहे. बघ नाकाकडे.”

त्याचे डोळे अर्धे मिटलेले असायचे आणि माझ्याकडे कधीच नसायचे. मी त्याच्या नाकाच्या शेंड्यावर नजर लावली. आंधळा माणूस माझे डोळे तपासत होता आणि यात हसण्यासारखं काही आहे असं मला त्या क्षणी अजिबात वाटलं नाही. त्यानं एक हात वर केला, माझ्या उजवीकडे.

“किती बोटं?”

“दोन.”

“आता?”

“चार. प्रफुल्ल, मला दिसतं रे. मी दिवसभर कॉम्प्युटरवर काम करते, अक्षरं जुळवते...”

“आता?”

मी वाट बघत राहिले. तो काही करत नव्हता. समोर त्याचं नाक, कपाळावर घाम, मागे टीव्हीचा उजेड. “कर ना वर हात,” मी म्हणाले.

काकूंनी “देवा” असं काहीतरी पुटपुटलं.

“केव्हाचा वर आहे,” प्रफुल्ल म्हणाला.

मी मान वळवली. त्याचा पंजा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. पाचही बोटं पसरलेली.

पुढची दोन मिनिटं तो एकेक डोळा झाकायला लावून तेच करत राहिला. उजवा डोळा झाकला, डावीकडचा हात नाही. डावा झाकला, तरी डावीकडचा हात नाही. मला वाटत होतं की आता तो नेहमीसारखा काहीतरी खवचट बोलेल आणि सगळं हसण्यावारी जाईल. तो खुर्चीत मागे टेकला. त्याचा चेहरा उतरला होता.

“हे माझ्यासारखं नाही,” तो म्हणाला. “दोन्ही डोळ्यांची एकच बाजू अशी जात नाही. हे डोळ्यांतलं नाहीच. आमच्या शाळेत एक पोरगा होता असा. त्याचंही डोकं दुखायचं.”

महिनाभर मी रोज रात्री कपाळाला बाम चोळून झोपत होते. त्या वासावरून प्रफुल्ल मला ‘आजीबाई’ म्हणायचा.

“त्या पोराचं पुढे काय झालं?” मी विचारलं.

“चप्पल घाल. आपण दवाखान्यात जाऊन राहिलो.”

“काय झालं त्याचं, प्रफुल्ल?”

“कीर्ती, रिक्षा बोलाव.”

कीर्ती बसल्या जागी थिजली होती. तिला काय वाटत असेल याचा विचार मला सुचला नाही. “मला तुमच्यासारखं नाही व्हायचं,” मी म्हणाले. आणि मग मोठ्यानं, रडत, “मला तुमच्यासारखं नाही व्हायचं.”

काकूंनी तोंडावर हात घेतला. रोज यांच्या ताटाला ताट लावून जेवणारी मी. हे माझ्या आत इतके दिवस बसलेलं होतं, हे मलाही तेव्हाच कळलं.

“मलाही नव्हतं व्हायचं,” प्रफुल्ल म्हणाला. “चप्पल घाल.”

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. मी हे सांगायला शिल्लक आहे, यावरून तुम्ही ओळखलंच असेल. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, कॅन्सरची नव्हती. डावीकडचं बरंचसं परत आलं, सगळं नाही. गाडी विकली, रस्ता ओलांडताना मान गरागरा फिरवते, लोकांना वाटतं बाई नखरेल आहे. पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी आमच्यापैकी कोणालाच काही माहीत नव्हतं.

धंतोलीतल्या एका मोठ्या दवाखान्यात आम्ही चौघं गेलो. मला यंत्रात घातलं, बाहेर काढलं, बाकावर बसवलं. दिवेलागणीच्या सुमारास एका तरुण डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. त्यांनी आधी आमच्याकडे नीट बघून घेतलं. दोन पांढऱ्या काठ्या बघितल्या, मला बघितलं, आणि मग ते भोंगाडेकाकूंना म्हणाले, “तुम्ही या इकडे, मावशी.” काकू माझ्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. कीर्ती आणि प्रफुल्ल माझ्या मागे, भिंतीला लागून.

डॉक्टर कॉम्प्युटरवर काहीतरी बघत होते. मग त्यांची खुर्ची करकरली आणि ते जरा माझ्या डावीकडे झाले. आवाज फार गोड होता. “तसं काळजी करण्यासारखं काही नाही, ताई. आज रात्र इथंच राहा. सकाळी मोठे सर येतील, मग सविस्तर बोलू. बाकी ठीक आहे सगळं.”

मला इतकं हलकं वाटलं की रडूच यायला लागलं. ठीक आहे सगळं. एका दुपारचा तो घोळ होता, उन्हाचा असेल, डोळ्यांवर ताण आला असेल, एवढंच. मी प्रफुल्लला म्हणणार होते, बघ, उगाच घाबरवलं तू मला.

“काकू, हात खाली घ्या,” कीर्ती मागून म्हणाली.

“मी कुठं काय...”

“बांगड्या वाजून राहिल्या तुमच्या. वाजतात, थांबतात, परत वाजतात. तुम्ही काहीतरी विचारून राहिल्या आणि डॉक्टर उत्तर देऊन राहिले. तोंड न उघडता.”

मी मान डावीकडे वळवली, पार खांद्यापर्यंत. काकूंचा एक हात तोंडावर होता. दुसऱ्या हातानं त्या डॉक्टरांना विचारत होत्या, केवढी? आणि टेबलाच्या त्या कडेला, माझ्या नजरेच्या बाहेर, डॉक्टरांनी अंगठा आणि बोट वाकवून हवेत एक गोल धरला होता.

माझ्या तोंडावर ‘ठीक आहे’ चालू होतं आणि वीतभर पलीकडे माझ्याबद्दल सगळं बोलून झालं होतं.

“मॅडम, पेशंट घाबरतात हो,” डॉक्टर म्हणाले. “म्हणून आम्ही नातेवाइकांना आधी...”

“माझे बाबा गेले तेव्हा मी दहा वर्षांची होती,” कीर्ती म्हणाली. ती डॉक्टरांना सांगत होती की मला, ते कळलं नाही. आवाज दुपारसारखाच कापत होता. “घरात बायकाच बायका. बोलत कोणीच नव्हतं. नुसत्या बांगड्या वाजून राहिल्या होत्या, या खोलीतून त्या खोलीत. तीन दिवस. कोणी मला काही सांगितलं नाही. मला वाटलं, मावशीचं लग्न ठरलं.”

प्रफुल्ललाही हे माहीत नसावं. त्यानं अंधारात हात शोधावा तसा तिचा हात शोधला.

काकू रडायला लागल्या. डॉक्टरांनी हात खाली घेतला होता.

“तो हात परत धरा,” मी डॉक्टरांना म्हणाले. “इकडे, माझ्या उजव्या बाजूला.”

ते थोडे घुटमळले. मग त्यांनी हात सावकाश टेबलावरून या बाजूला आणला आणि बोटं वाकवली. मी नीट बघून घेतलं.

मग मागे न वळता मी त्या दोघांना सांगितलं, “तीनला डॉक्टरांचा हात आहे. लिंबाएवढं दाखवून राहिले.”